नववं पान

या आठवड्याचं पत्र पुण्यात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीचं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून सांगते.

ती हॉस्टेलवर राहते, घर सातारा जिल्ह्यात. कॉलेजात दहा जणांचा ग्रुप, तीन वर्षं एकत्र. जानेवारीत तिने ठरवलं की फेअरवेलला प्रत्येकाला स्क्रॅपबुकचं एकेक पान स्वतः बनवून द्यायचं. बारा बाय बारा इंचाचं, त्यावर फोटो, तिकिटं, लेस, कागदी फुलं, हाताने रंगवलेली अक्षरं. एकूण नऊ पानं. मार्च उजाडला तेव्हा तीनच झाली होती. एकेका पानाला दहा-अकरा तास गेले आणि आतापर्यंत २,६०० रुपये. फेअरवेल अठरा दिवसांवर, एप्रिलमध्ये परीक्षा, त्याआधी प्रॅक्टिकल. आई फोनवर म्हणते, "पदवी घ्यायला पाठवलंय की कागद कापायला?" ग्रुपमधला एक मुलगा, जो तीन वर्षांनंतरही लॅबमध्ये बर्नर पेटवायला घाबरतो, तो म्हणाला, "आम्हा मुलांना काय करायचंय असलं?" पण पहिली तीन पानं इतकी सजली आहेत की उरलेली साधी केली तर बाकीच्यांना डावलल्यासारखं होईल, असं तिला वाटतं.

आणि नववं पान. ती मुलगी दोन वर्षं हिची रूममेट होती. गेल्या जूनमध्ये काहीही न सांगता ती खोली सोडून दुसऱ्या मैत्रिणींबरोबर फ्लॅटवर राहायला गेली. हिला कळलं ते रिकामी कॉट बघून. तेव्हापासून दोघींत "हं" आणि "हो" यापलीकडे बोलणं नाही. "तिचं पान केलं तर ते खोटं, नाही केलं तर सगळ्यांना दिसेल. एका पानावर सिंहगडचा ग्रुप फोटो लावताना मी तिला कापून टाकलं, पण तिचा हात दुसरीच्या खांद्यावर राहिलाच. त्यावर फुलपाखराचा स्टिकर लावला. ताई, पानं पूर्ण करू की सोडून देऊ? नवव्या पानाचं काय करू? मला एवढंच हवंय की या सगळ्यांनी मला कायम लक्षात ठेवावं."

*

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र चार पानांचं. दोनदा वाचलं आणि मग पेन्सिल घेऊन चक्क मोजलं. त्यात आठ जण मिळून अर्ध्या पानात बसलेत. कात्री, कार्डशीट, गोंद आणि आईची बोलणी यांना एक पान. उरलेली अडीच पानं तिची. तू विचारलंस स्क्रॅपबुकबद्दल, पण पत्राचं वजन कुठे आहे ते तुलाही लिहिताना जाणवलं असेल. त्याकडे येतेच. आधी हिशेब उरकू.

सहा पानं राहिलीत, एकेक अकरा तासांचं. म्हणजे सहासष्ट तास. अठरा दिवसांत बसवायचे तर रोज साडेतीन तासांहून जास्त. त्याच दिवसांत तुझं जर्नल पूर्ण व्हायचंय, त्यावर सह्या व्हायच्यात, प्रॅक्टिकलची तयारी व्हायचीय. तेव्हा जसं चाललंय तसं चालू ठेवायचं हा पर्याय मुळात नाहीच. तो आपण दोघींनी काट मारून टाकला असं समज. आईला एवढं कळव, ती जरा निवांत झोपेल.

आता फेअरवेलची तारीख. ही तुझ्यावर कोणी लादली? कॉलेज संपतं ते काही त्या संध्याकाळी साडीत फोटो काढून संपत नाही. त्यानंतर परीक्षा आहेत, मग निकाल, आणि पदवीदान तर त्याच्याही किती तरी नंतर. तोपर्यंत तुमच्यातलं कोणी एम.एस्सी.च्या प्रवेशाच्या रांगेत असेल, कोणी हैदराबादला नोकरीवर, कोणी गावी परत. फेअरवेलच्या दिवशी प्रत्येकाच्या हातात आधीच फुलं, मोमेंटो, केकचा कागदी द्रोण आणि चार फोन असतात. तुझं अकरा तासांचं पान त्या गडबडीत कुठल्या तरी बाकावर उलटं पडून राहील, नाही तर त्यावर कोणी कोल्ड्रिंकचा ग्लास ठेवेल. तेच पान ऑगस्टमध्ये, नव्या शहरात, कोणाशी अजून ओळख झालेली नसताना, स्पीड पोस्टाने दारात आलं तर? मी असते तर मला ऑगस्टमधलं पान हवं असतं.

म्हणून माझं म्हणणं असं की झालेली तीन फेअरवेलच्या आसपास दे, पण हॉलमध्ये नको, एकेकीला गाठून दे. बाकीची परीक्षेनंतर. कोणी "माझं कुठंय?" म्हणालं तर सांग, "तुझं पोस्टाने येणारे, पत्ता दे." नवा पत्ता मागायला याहून बरं निमित्त कोणतं?

दुसरी गोष्ट आकाराची. बारा इंची पान हे त्या खास अल्बमसाठी असतं, जो तुझ्या मित्रमैत्रिणींपैकी एकाकडेही नसणार. ते ठेवायचं कुठे? बॅगेत वाकतं, कपाटात उभं राहत नाही, भिंतीवर लावलं तर पहिल्या पावसात पोक काढतं. आपल्याकडे कागद कुठे टिकतो सांगू? प्रमाणपत्रांच्या फाइलमध्ये. ती निळी किंवा काळी, पाकिटांची फाइल, जिच्यात दहावीचं मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, डोमिसाइल असं सगळं आयुष्य असतं. घर बदललं, पूर आला, भांडणं झाली तरी ती फाइल माणूस आधी उचलतो. त्या फाइलमधलं पाकीट ए-फोर मापाचं, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. तुझं पान ३०५ बाय ३०५. रुंदीला साडेनऊ सेंटीमीटर बाहेर.

तेव्हा पुढची सगळी पानं ए-फोर कर, किंवा त्याच्या निम्म्याने, ए-फाइव्ह. माझा मोठा भाऊ साठीला टेकला. त्याच्या फाइलमध्ये, डिग्रीच्या सर्टिफिकेटमागे, वसतिगृहाच्या मेसचं एक कूपन आहे. मागे कोणीतरी लिहिलंय, "आजची तुझी फीस्ट मी खाल्ली." कोणी, ते तो सांगत नाही. तुझा बर्नरला घाबरणारा मित्र म्हणतो ना, मुलांना काय करायचंय असलं? म्हणू दे. मुलगे ठेवतात. ठेवल्याचं सांगत नाहीत, एवढंच.

तुझ्या नावडीचं आता बोलते. "सगळ्यांनी मला कायम लक्षात ठेवावं" असं तू लिहिलंस. मग हे पान त्यांचं की तुझं? रागावू नकोस, प्रश्न खराच विचारतेय. झालेली तीन पानं समोर घे आणि बघ, किती फोटोंत तू आहेस. आणि तुझ्या हस्ताक्षरात जे लिहिलंय त्यातलं एखादं वाक्य असं आहे का, जे त्या तिघींपैकी एकीलाच लागू पडेल, दुसरीला दिलं तर चालणार नाही? "बेस्ट फ्रेंड्स फॉरेव्हर" नऊ जणांना चालतं. नव्वदांनाही.

आमच्या वेळी ऑटोग्राफ बुकं होती. गुलाबी, पिवळी, पोपटी पानं. सगळ्यांनी सगळ्यांच्या वहीत त्याच चार यमकं जुळवलेल्या ओळी लिहिल्या. मग तुमच्या आधीच्या मुलींची स्लॅम बुकं आली: आवडता रंग, आवडता हीरो, माझ्याबद्दल एक शब्द. तो एक शब्द नेहमी "स्वीट". माझं ऑटोग्राफ बुक आता कुठे आहे मला माहीत नाही, आणि शोधावंसंही वाटलं नाही.

पण एक पान आहे. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचं, १९९१ सालचं. एका मैत्रिणीने काळ्या कार्डशीटवर करून दिलेलं. सेलोटेप चहासारखी तपकिरी होऊन सुटलीय, तिच्याखालचा फोटो कधीच निसटून हरवला, चंदेरी शाईची अक्षरं काळवंडली. वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं, ते पापडासारखं मोडतं. समोरच्या बाजूने बघितलं तर रद्दीच. मागच्या बाजूला मात्र तिने एक पांढरा चिटोरा डकवलाय आणि त्यावर साध्या पेन्सिलने लिहिलंय: "तू पहिल्या तासाला रोज उशिरा यायचीस आणि दारातून आधी माझ्याकडे बघायचीस, सर चिडलेत का ते माझ्या तोंडावरून ओळखायला. मी तुला रोज खोटं तोंड दाखवायचे."

मला हे तीन वर्षांत कधी कळलं नव्हतं. मी दारात कशी दिसते, ते मला कोण सांगणार होतं? तिने सांगितलं. मी तिला लक्षात ठेवलं ते यामुळे, आणि तिने त्या पानावर स्वतःबद्दल जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही.

तुझ्याकडे अशी वाक्यं आहेत, पत्रातच एक निसटून आलंय. "तीन वर्षांनंतरही बर्नर पेटवायला घाबरतो." हे त्याचं पान. अजून काही नको. तो काडी ओढताना चेहरा कुठे वळवतो, बर्नर शेवटी कोण पेटवून देतं, पेटल्यावर तो काही झालंच नाही अशा थाटात लूप, म्हणजे ती तारेची कडी, लाल करायला कसा लागतो. सहा-सात ओळी. वर एक फोटो, खाली एक वस्तू, काडेपेटीचं रिकामं कव्हर चपटं करून लाव हवं तर. दीड तासात होईल. आणि हा मुलगा ते फाइलमध्ये ठेवेल, माझी पैज.

"पण पहिल्या तिघींना एवढं सजवलेलं दिलं, बाकीच्यांना हे?" अगं, पंगतीत वाढप सगळ्यांना सारखं असतं, आग्रह ज्याला त्याला वेगळा. कोणाला जिलबी, कोणाला मठ्ठा. ज्याला खरोखर ओळखून केलंय त्याला लेस कमी पडली असं वाटत नाही. वाटलंच तर ते तुला वाटेल, कारण लेस तू विकत आणलीस आणि तिचा भाव तुला माहीत आहे.

सामानाबद्दल थोडं सविस्तर, कारण पत्रात तू जे जे वापरलंस त्यातलं निम्मं पाच-सात वर्षांत दगा देणारं आहे. शिवाय असंच काही करायला बसलेल्या दुसऱ्या वाचकांनाही हे कामी येईल.

स्वस्त रंगीत कागद आणि वर्तमानपत्र यांच्या लगद्यात लिग्निन असतं, लाकडातला तो घटक. उजेड आणि हवा लागून तो पिवळा पडतो, कागद ठिसूळ होतो. सुती चिंध्यांच्या हातकागदात तो नसतो. पुण्यात आहेस तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत एकदा जाऊन ये. कागद बनवणं ही आपल्याकडची जुनी कारागिरी. जुन्नरचा कागद एके काळी नावाजलेला होता, दौलताबादजवळच्या कागझीपुऱ्याचं तर नावच त्यावरून पडलं, आणि पुण्याच्या कसब्यातही कागदीपुरा आहेच. ते नाही जमलं तर अप्पा बळवंत चौकात पांढरी किंवा मळकट पांढरी, २०० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाच्या) वरची कार्डशीट माग, दुकानदार बरोबर देतील. झेरॉक्सचा कागद ७५-८० जीएसएमचा, त्यावर फोटो चिकटवला की तो फोटोच्या वजनाने वाकतो. लेस, रिबन, मणी रविवार पेठेत स्वस्त मिळतात हे तुला सांगायला नको, २,६०० तिथेच गेले असणार.

चिकटवायला. फेव्हिकॉल पाण्यात मिसळलेला असतो, कागद ते पाणी पितो आणि लाटा येतात. तुझ्या पानांवर त्या आल्याच असतील. फोटोला ग्लू स्टिक किंवा चांगली दुहेरी टेप वापर, नाही तर चार कोपऱ्यांना कागदी त्रिकोण करून त्यात फोटो खोच. त्रिकोणांचा फायदा हा की फोटो परत काढता येतो. सेलोटेपला हातच लावू नकोस, माझं पान आठव. आणि घरगुती खळ फार छान असते, पण कसर आणि झुरळं तिच्यावर तुटून पडतात. जुने बाइंडर म्हणूनच खळीत मोरचूद घालायचे. तुला विष कालवत बसायची गरज नाही. गोंदासाठी धावाधाव हा त्रास जुनाच आहे म्हणा. लेखक मार्क ट्वेनने १८७३ साली आयता गोंद लावलेल्या पानांच्या चिकटवहीचं पेटंट घेतलं होतं. पान ओलं करायचं, कात्रण दाबायचं, झालं. चिकटवही हा शब्द मला स्क्रॅपबुकपेक्षा आवडतो, तुम्ही पोरं का वापरत नाही कोण जाणे.

तिकिटं आणि बिलं. बसचं मशीनमधून निघणारं तिकीट, कॅन्टीनचं बिल, सिनेमाचं प्रिंट केलेलं तिकीट हे सगळं थर्मल कागदावर असतं. त्यात शाई नसतेच, उष्णतेने कागदाचा लेप काळा होतो आणि अक्षरं उमटतात. म्हणून ती आपोआप पुसट होतात, पाकिटात ठेवून बघ. आणि लॅमिनेशन? माझ्या भाचीने कॉलेजच्या पहिल्या दिवसाचं कॅन्टीनचं बिल मोठ्या हौसेने लॅमिनेट करायला दिलं. मशीनच्या तोंडातून बाहेर आली ती गुळगुळीत, चकचकीत, पूर्ण काळी पट्टी. तिकिटांची आधी साधी झेरॉक्स काढ आणि ती चिकटव. अख्खं पानही लॅमिनेट करू नकोस, मागाहून काही काढायचं झालं तर निघत नाही.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आले की दाबले जातात, मोबाइलवर दिसतात छान, कागदावर मात्र चेहऱ्यांचे ठिपके होतात. चार बाय सहा इंची चांगल्या प्रिंटला १,२०० बाय १,८०० पिक्सेल लागतात. म्हणून ज्याने काढला त्याच्याकडून मूळ फोटो "डॉक्युमेंट" म्हणून मागव. आणि झेरॉक्सच्या दुकानातल्या साध्या प्रिंटरवर नको, फोटो स्टुडिओत फोटोच्या कागदावर काढून घे. साध्या इंकजेट प्रिंटरची शाई आपल्या पावसाळ्यात बोटाला लागते. लिहायला पेन्सिल किंवा पिगमेंट शाईचं काळं पेन, चित्रकलेच्या दुकानात ०.३ आणि ०.५ मध्ये मिळतं. स्केचपेन आणि क्रेप कागद यांना नुसत्या ओल्या हाताचीही भीती. खरी फुलं लावायची असतील तर दोन-तीन आठवडे जाड पुस्तकात दाबून पूर्ण वाळवून मगच, नाही तर बुरशी.

फाइलचं पाकीट मऊ, वास येणारं, आरपार चकचकीत असेल तर ते बहुधा पीव्हीसी. झेरॉक्सची अक्षरं कालांतराने उठून त्याला चिकटतात. जरा दुधी, हलवलं की चुरचुरणारं पाकीट बरं. पोस्टाने पाठवताना पानाच्या दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा आणि आत प्लॅस्टिकची पिशवी. ऑगस्टमध्ये पाठवणार आहेस, पावसाचं लक्षात ठेव.

बास झालं सामान. आता ती.

तू लिहिलंस, "चूक पूर्णपणे तिची." असेल. दोन वर्षं एका खोलीत काढून, एकमेकींचे ताप, घरचे फोन आणि उवांची औषधं पाहून, न सांगता कॉट रिकामी करणं हे वाईटच. मला तरी वाईट वाटलं असतं. पण अडीच पानांत एक वाक्य मला सापडलं नाही. तू तिला विचारलंस का, की का गेलीस? "तिने स्वतःहून सांगायला हवं होतं" हे तीन वेळा आलंय. तू विचारलंस असं एकदाही नाही. आठ महिने दोघी एकमेकींच्या तोंडून पहिला शब्द निघायची वाट बघताय, आणि आता तो शब्द बोलायचं काम तू एका कार्डशीटवर टाकतेयस. कार्डशीटला ते झेपणार नाही.

तुझ्यापुढे काय काय आहे बघ. सगळ्यांसारखं हसरं, सजलेलं पान करून तिला सगळ्यांसमोर द्यायचं, हा मला सर्वांत वाईट पर्याय वाटतो. तिला ते नाकारता येणार नाही, घेताना हसावं लागेल, आणि दोघींनाही ठाऊक असेल की आतलं खोटं आहे. भेटवस्तू देऊन माणसाला कोपऱ्यात घेणं बरं नाही. पान करायचंच नाही, हा पर्याय चालण्यासारखा आहे. खरंच. तू कोणाचं पान देणं लागत नाहीस. "सगळ्यांना दिसेल" म्हणतेस, तर एकेकट्याला आणि पोस्टाने दिलंस की नऊ पानं एका रांगेत कधी लागणारच नाहीत. आणि दिसलं तर दिसलं. दहा जणांच्या ग्रुपमध्ये तुमचा अबोला कोणाला माहीत नाही असं वाटतं का तुला? ती माणसं आठ महिने तुमच्या दोघींच्या मधल्या खुर्चीवर बसतायत.

पण अडीच पानं लिहिणारी मुलगी तिसराही रस्ता शोधतेय, असा माझा अंदाज. चुकीचा असेल तर सोडून दे. रस्ता असा: आधी बोल. पान हातात न घेता, सगळ्यांच्यात नाही, कॉलेजबाहेरच्या टपरीवर. "तू गेलीस तेव्हा मला न सांगता का गेलीस, हे मला अजून कळलं नाही," एवढंच. त्यात दोष नको, "काही नाही गं, सहज" नको. ती उडवून लावेल किंवा चहा संपवून उठेल, हे गृहीत धर. कदाचित ती असं काही सांगेल जे तुझ्या लक्षातही नव्हतं. कदाचित तीही म्हणेल की तिने स्वतःहून सांगायला हवं होतं. मला माहीत नाही, तुलाही नाही.

त्यानंतर वाटलं तर पान कर, त्या पहिल्या दोन वर्षांचंच. माफी मागायची नाही, माफ केलंय असंही सुचवायचं नाही, "आपण परत" वगैरे नको. तुला त्या खोलीत रात्री अकराला जे दिसायचं ते लिही. ती टेबलावरचा पंखा कुठल्या कोनात फिरवायची, मच्छरदाणी आधी कोणाची लागायची, घरून आलेला डबा तिने कधी लपवला आणि तुला वास आला. ते खरं होतं ना? मग जून महिन्याने ते खोटं होत नाही. लिहून झाल्यावर चार दिवस तसंच राहू दे. मग पाठव, किंवा पाठवू नकोस, तुझ्याच फाइलमध्ये ठेव. दोन्ही चालेल.

याच विषयावर आणखी दोघांनी लिहिलंय, त्यांना इथेच सांगून टाकते. इंजिनीअरिंगला असलेल्या एका मुलाची तक्रार, की त्याला कात्री सरळ धरता येत नाही आणि ग्रुपमधल्या मुली फार सुंदर काहीतरी करतायत. अरे, पोस्टकार्ड घे. एका बाजूला पत्ता, दुसऱ्या बाजूला सहा ओळी, फोटोही नको. एका आईने विचारलंय की दहावीच्या मुलीची पानं तिनेच रात्री जागून करून द्यावीत का. नाही. वाकडी होऊ द्यात. आणि कोणी सुचवेल की प्रत्येकाच्या नावाचा कागद ग्रुपभर फिरवून सगळ्यांनी त्यावर लिहावं. सोपं आहे, पण तसंच सोडलं तर स्लॅम बुकच होतं आणि पुन्हा "स्वीट" येतं. फिरवायचाच असेल तर वर एक नेमका प्रश्न लिहा, "ही काय करताना दिसली की तुम्हाला हसू येतं?" असा.

आता तुझ्याकडे परत, एका शेवटच्या गोष्टीसाठी, आणि ही मला पत्र वाचल्यापासून सोडत नाहीये. तो सिंहगडचा फोटो. ज्या मुलीच्या खांद्यावर तो हात आहे, तिचं पान आहे ते. तुझं भांडण तिच्याशी नाही. त्या दिवशी गडावर ती कोणाचा तरी हात खांद्यावर घेऊन उभी होती, वारा असेल, पिठलं-भाकरी खाऊन सगळे सुस्तावले असतील, आणि तिच्या आठवणीत तो हात आहे. तू तिथे फुलपाखरू लावलंस. ती पान उघडेल, बघेल, काही बोलणार नाही. पण नख लावून स्टिकर उचकटून बघेल, हे मी तुला लिहून देते. मीही बघितलं असतं.

तेवढं पान दुरुस्त कर. फोटो दुहेरी टेपने लावला असेल तर हेअर ड्रायरची कोमट हवा मिनिटभर दे, मग शिवणाचा मजबूत दोरा फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकव, सुटेल. कागद थोडा सोलला तरी वर नवा फोटो बसणारच आहे, झाकला जाईल. तो फोटो ज्याच्या फोनवर काढला होता त्याला आज रात्रीच मेसेज कर. मूळ फोटो हवाय म्हणावं, डॉक्युमेंट म्हणून पाठव, दहाही जण असलेला.

तुझी,
ताई